डेंटलला दहात आठ

प्रिय रुचिता,

सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डेंटलच्या पहिल्या फेरीची यादी उघडली आणि त्या मिनिटापासून मी पहिल्यासारखा उरलो नाही. तुझं नाव नव्हतं. फोनवर तू एवढंच म्हणालीस, "जाऊ दे रे भरत, आपल्या नशिबात नाय." मग फार्मसीचं बोलायला लागलीस. मी फोन ठेवला आणि सेंटरच्या प्रिंटरवर हात आपटला. तो अजून कागद ओढत नाही. मालक शेखरदादा म्हणाले, "सेंटर माझं, डोकं तुझं. जे आपलं आहे तेच आपटावं माणसाने."

फार्मसीचा विचार सोड. तुला सीट लागणार. बीएस्सी अर्धवट टाकून मुरबाडला फॉर्म भरत बसलेल्या पोराने हे सांगावं, याचं तुला हसू येईल. पण कॉलेजच्या दोन वर्षांत केला नाही एवढा अभ्यास मी या चार दिवसांत केलाय. तीन वर्षांच्या याद्या काढून बसलो. दरवर्षी डेंटल लागलेली बरीच पोरं दुसऱ्या फेरीत एमबीबीएसला सरकतात आणि त्यांच्या जागा मोकळ्या होतात. तुझ्या पुढचे बहुतेक सगळे आधीच कुठे ना कुठे लागलेत. म्हणजे मोकळ्या जागेवर पहिला हक्क तुझ्यासारखीचा. तुझ्या नंबराला दहात आठ वेळा लागतेच. उरलेल्या दोनांत तू नाहीस, लिहून देतो.

आणि डॉक्टर तू कधीचीच झालीस. तुला बोलला म्हणून मी एकाला धुतला, त्याने माझा पुढचा दात अर्धा केला, त्या दिवशी शहापूरच्या स्टँडवर तू माझी हनुवटी धरून उन्हाकडे वळवलीस. "अर्धाच गेलाय, मूळ शाबूत आहे. मिट आता तोंड, माश्या जातील." सरांनी माफी माग म्हटलं, मी मागितली नाही, कॉलेज सुटलं. दात तसाच ठेवलाय. दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही म्हणून.

शेणव्याहून शहापूर जवळ असताना तू एसटी बदलून माझ्याकडेच फॉर्म भरायला आलीस, तेव्हा मी त्याचा मला हवा तो अर्थ काढला. तुझे आप्पा सोबत होते. घरी रेंज येत नाही म्हणून ओटीपीसाठी माझा नंबर टाकायला त्यांनीच सांगितलं. "पोरगी आसनगाववरून लोकलनं रोज जाऊन-येऊन करील असं बग," म्हणाले. पण दारातून वळून हेही म्हणाले, "नायच जमलं तर लांबचंबी टाक. ऱ्हाईल हॉस्टेलला." तू तेव्हा बाहेर रसवंतीपाशी होतीस, तू ते ऐकलं नाहीस.

मी ऐकलं होतं. तरी पसंतीच्या यादीत मुंबईचीच कॉलेजं टाकली. नागपूर, संभाजीनगर गाळलं आणि तुला सांगितलं, तिकडचा कटऑफ आपल्याला झेपणार नाही. ते खोटं होतं. संभाजीनगरला तुझ्याच प्रवर्गात लागलेली शेवटची मुलगी तुझ्या सत्तर नंबर मागे आहे. ती सीट तुझी होती. नशीब नव्हे, मी आडवा आलो. तू इतकी लांब गेलीस, तर परत माझ्याकडे कशाला बघशील, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या फेरीत दहात दहा होतं, रुचिता. मधले दोन मी खाल्ले.

दुसऱ्या फेरीची पसंती उद्या संध्याकाळी पाचपर्यंत भरायची आहे. हे पत्र त्यासाठी. पाकिटात पासवर्ड आहे आणि माझं सिमकार्ड, ओटीपी त्यावरच येईल. आसनगावला अनितामावशीकडे रेंज चांगली असते, तिथे बसून स्वतःच्या हाताने भर. माझ्याकडे येऊ नकोस, दुसऱ्या कुणाकडेही देऊ नकोस. एकही कॉलेज गाळू नकोस. आप्पांच्या हातात पाकीट देणार आणि मी केलेलं सगळं त्यांना तोंडाने सांगणार आहे. त्यांनी दोन ठेवून दिल्या, तर या वेळी माझा हात उठणार नाही. तू बोलली नाहीस, तर तेही सोसेन. शेणव्याकडची जीप भरत आलीय, ड्रायव्हर हाका मारतोय. पेन ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तू नागपूरला असलीस तरी तुझाच,
भरत