भुऱ्याचा घास

तीर्थरूप नाना,

याच्या पुढे साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. आज लिहीत नाही. तीर्थरूप लिहिलं ते हाताच्या सवयीने, बाकी तुमच्यावर मी एवढी चिडलेय की तुम्ही समोर असतात तर डोक्यावरचा पदर बाजूला ठेवून भांडले असते.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. अक्का आज संध्याकाळच्या गाडीने रावेरहून येताहेत. येताना केळीचा घड आणतील आणि वर्षभर चालवलेलं ते वाक्यही आणतील: "वेळेवर गोळी मिळाली असती तर माझे नाना आज असते." तुमच्या लेकीचं हे वाक्य मी तेराव्याला ऐकलं, दिवाळीत ऐकलं, शेजारी त्यांचा फोन आला तेव्हाही ऐकलं. उद्या सगळ्या भाऊबंदांसमोर पुन्हा ऐकायचं होतं. म्हणून आजच लिहितेय, त्या यायच्या आत.

परवा तुमची तिथी बघायला मी मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. आपल्याकडे जुनं काढत नाहीत, त्याच खिळ्यावर नवं अडकवतात, तुम्हाला माहीतच आहे. कार्तिकाचं पान उघडलं आणि तिथी बघायची राहूनच गेली. पानभर माझ्याच खुणा होत्या. निळ्या आणि लाल.

निळी खूण तुमच्या गोळीची. छातीत कळ येऊन तुम्ही आठ दिवस दवाखान्यात राहून आलात, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्त पातळ ठेवायची ही पांढरी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर, रोज, न चुकता. मी ताटात मिठाशेजारी ठेवायची आणि तुमचं ताट उचललं की कॅलेंडरवर खूण करायची. सोमवारी आणि एकादशीला खूण नाही, कारण "उपासाले गोळी चालत नही" हा तुमचा कायदा. किती डोकं फोडलं मी त्या कायद्यावर!

लाल फुली भुऱ्याच्या उलटीची.

नाना, त्या कुत्र्याने काय काय भोगलं हो! चैत्रात सुरू झालं. दुपारी चांगला असायचा आणि चार वाजले की अंगणात पाठ वाकवून ओकत बसायचा. गवत खायचा, न्हाणीमागच्या ओल्या मातीत पोट टेकून पडायचा. शी काळी, डांबरासारखी. दोन दिवस बरा, की पुन्हा तेच. आणि तुम्ही ओट्यावर बसून निकाल द्यायचात: "निर्मलानी भाकरच कच्ची राहस."

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलगी, पोळ्या खाऊन वाढलेली. लग्न होऊन देवपूरला आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, हे खरं. पण त्याला चौदा वर्षं झाली होती नाना! चौदा वर्षं तुम्ही माझ्याच हातची भाकरी खाल्लीत, वर मागून घेतलीत. आणि कुत्रा आजारी पडला की भाकरी कच्ची?

तरी मी मानलं. माझंच चुकत असेल म्हणून मी काय नाही केलं! गिरणी बदलली. कळण्याच्या पिठात उडीद जास्त होतात का म्हणून नुसत्या ज्वारीची केली. त्याची भाकरी वेगळी, बिनमिठाची. ठेच्याचा हात लागू नये म्हणून आधी त्याची थापायची, मग आपल्या. ताकभात देऊन पाहिला. उकिरड्यावर जातो म्हणून आठ दिवस साखळीला बांधला, तेव्हा त्याच्या ओरडण्याने तुमची दुपारची झोप मोडली आणि मलाच बोलणी बसली.

शेवटी त्याला रिक्षात घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हातारे, तंबाखू खाणारे, पण माणूस लक्ष देऊन ऐकणारा. त्यांनी इंजेक्शन दिलं, जंताचं औषध दिलं आणि म्हणाले, कोणत्या दिवशी ओकतो ते लिहून ठेवा. म्हणून त्या लाल फुल्या. मग त्यांनी विचारलं, घरातलं आणखी कोणी याला काही घालतं का?

आणि मी काय सांगितलं माहीत आहे? "नाही डॉक्टर, फक्त माझी भाकरी."

तुमचा घास मी सांगितलाच नाही. मनातच आलं नाही! जेवायला बसण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने कुत्र्याचा घास काढायचा, तो आपल्या हाताने नेऊन घालायचा, मग ताटावर बसायचं. तुमच्या वडिलांपासून चालत आलेलं. गंधासारखं, तुळशीच्या पाण्यासारखं. त्याला खाणं कोण म्हणतं? त्या घासाला तुम्ही गुळाचा खडा लावायचात, अंगठ्याने आत दाबायचात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. वाटायचं, आमचे नाना माणसांशी वाकडं बोलतात, पण मुक्या जनावरावर जीव आहे.

परवा कार्तिकापासून मागे पानं उलटत दोन्ही रंग पहिल्यांदा एकत्र वाचले. सात महिने एकाच कॅलेंडरवर मी दोन रंगांनी लिहीत होते आणि मला दिसलं नाही, एवढी मी शहाणी! जिथे निळ्या खुणा ओळीने, तिथे त्यांच्या मागोमाग लाल फुल्या. सोमवार कोरा, की मंगळवारपर्यंत कुत्रा बरा. आषाढात तुम्ही पंधरा दिवस रावेरला अक्कांकडे राहिलात. गोळ्यांची पाकिटं मी तुमच्या पिशवीत घातली होती. त्या पंधरा दिवसांत इथे एकही फुली नाही. माझीच भाकरी खाऊन भुऱ्या अंगणात उड्या मारत होता. तुम्ही परत आलात आणि तिसऱ्या दिवशी फुली. तेव्हाही तुम्ही म्हणालात, मी नव्हतो तर त्याला उपाशी ठेवलं, म्हणून पोट बिघडलं. रावेरला कोणाला घातल्यात हो त्या गोळ्या? अक्कांच्या गायीला?

काल सकाळी औषधाचं जुनं पाकीट घेऊन मी त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बाई, ही रोज दिलीत तर कुत्र्याचं पोट आतून सोलून निघेल. कोणी दिली?"

मी म्हटलं, चुकून खाल्ली असेल. खोटं बोलले. का बोलले? तुमची इज्जत राखायला! घराण्याची सून ना मी!

तुम्ही कापसाच्या जिनात तीस वर्षं फोरमन होतात. नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा घासतोय ते सांगायचात, असं तुम्हीच दहा वेळा सांगितलंय. आणि तुमच्या पायाशी रोज एक जीव ओकत होता, त्याचं कारण तुम्हाला कळलं नाही? मी काल रिक्षात बसून हेच म्हणत होते, की नानांना माहीत नसेल, नसेलच माहीत, नाहीतर एवढं निर्दयी कोणी नसतं.

घरी येऊन पुन्हा कॅलेंडर घेतलं. तुम्ही गेलात त्या दिवसापासून मागे मोजत गेले. शेवटची फुली मला आठवते. त्या दिवशी भुऱ्याच्या उलटीत रक्त होतं. तुम्ही ओट्यावरून उतरलात, गुडघे दुखत असताना जमिनीवर बसलात, त्याचं डोकं मांडीवर घेतलंत. चहा पाठवला तर घेतला नाहीत. मी जवळ आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "आते याले काही व्हणार नही."

मला वाटलं, धीर देताय.

त्या फुलीनंतर एकही फुली नाही. पण निळ्या खुणा आहेत, एकोणीस. मग त्या एकोणीस गोळ्या गेल्या कुठे? तुम्ही घ्यायला लागला होतात का? एक क्षण मला आशा वाटली, खरं सांगते. मग तुमची पाने-हातोड्यांची पेटी आठवली. जिनातली ती लोखंडी पेटी, जिला तुम्ही कोणाला हात लावू दिला नाही आणि तुमच्यामागेही कोणी लावला नव्हता. उघडली. पान्यांच्या खाली चुन्याची डबी. डबीत चुना नव्हता. कडा झडलेल्या, पिवळट पडलेल्या, पण एकोणीस. मी तीनदा मोजल्या.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कुत्र्याची दया आली तुम्हाला. घासातून गोळी काढलीत, नुसता गूळ ठेवलात. माझी दया का नाही आली हो? त्यानंतरही, रावेरहून अक्का भेटायला आल्या तेव्हा, तुम्ही त्यांना माझ्यादेखत सांगितलंत की निर्मलाच्या भाकरीने कुत्रं मरायला टेकलं होतं. डबी तेव्हा पेटीत होती! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या हातून गोळी ठेवून घेतलीत, मी वळले की मुठीत लपवलीत. मी खूण करत होते आणि तुम्ही बघत होतात.

तुम्ही गेल्यावर भुऱ्या एकदाही आजारी पडला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, नाना त्याचं दुखणं आपल्याबरोबर घेऊन गेले. बायका हळहळल्या, हात जोडले. मीही जोडले.

आणि मला काय मिळालं? अक्कांनी गोळ्यांचं काढलं तेव्हा मी रडत रडत कॅलेंडर दाखवलं. त्या म्हणाल्या, खुणा काय, कोणीही करतं. ते मी सोसलं, नणंद आहे, तिचा बाप गेलाय. पण तुमचा मुलगा, नाना! सोळा वर्षांचा संसार. एकदा भात कालवता कालवता, मान खाली घालून त्यांनी विचारलं, "तू नक्की देत होतीस ना?"

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पण तो प्रश्न या घरात जेवायला बसतो रोज. तुमच्या एकोणीस गोळ्यांनी माझ्या ताटात हे वाढून ठेवलंय.

तुम्ही का घेतली नाहीत, हेही मला ठाऊक आहे. एकदाच बोलला होतात. मी ताट वाढत होते आणि तुम्ही गोळीकडे बघत म्हणालात, "तुन्ही सासूले बी रोज पाच देत व्हतूत. काय व्हयनं?" सासूबाई दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. तुम्हीच शेवटची गोळी त्यांच्या तोंडात घातली होती, हे मला लग्नानंतर कोणीतरी सांगितलं. भीती वाटत होती ना तुम्हाला? मग सांगायचं होतं! फेकायच्या होत्या माझ्या अंगावर, म्हणायचं होतं, "नाही घेत, जा!" भांडले असते, अक्कांना बोलावलं असतं, डॉक्टरांकडून दुसरं काही लिहून आणलं असतं. भित्र्या माणसाचा राग येत नाही मला. भित्रा माणूस दुसऱ्याच्या भाकरीला नावं ठेवतो, त्याचा येतो.

काल डबी बघून मी रडले नाही. मग दुपारी भुऱ्या नेहमीप्रमाणे तुमच्या जागेपाशी जाऊन बसला, शेपूट हलवत, घासाची वाट बघत. वर्ष झालं तरी बसतो. तेव्हा मात्र रडू आवरलं नाही. चिडूनच रडले, गैरसमज नको.

तर नाना, आता ऐका. उद्या मी गप्प बसणार नाही. पानं वाढायच्या आधी कॅलेंडर आणि डबी तुमच्या फोटोसमोर ठेवीन. अक्कांच्या हातात डबी देईन आणि म्हणेन, मोजा. तुमच्या मुलालाही मोजायला लावीन. शेवटचे दिवस तुम्ही भुऱ्याला गोळी घातली नाहीत हेही सांगेन, कारण ते खरं आहे आणि तुमच्या वाटचं आहे. अक्का कोसळतील, मला माहीत आहे. त्यांना पाणी मीच देईन. त्या म्हणाल्या की मेलेल्या माणसाची लाज काढलीस, तर ऐकून घेईन. पण शब्द मागे घेणार नाही.

आणि उद्यापासून भुऱ्याचा घास मी काढणार. सून काढत नाही म्हणतील, म्हणू देत. गुळाचा खडाही लावीन, तुम्ही लावायचात तसाच. त्याला तुमची आठवण येते तर त्याने का सोसावं? पण आत दुसरं काही नसेल. माझ्या भाकरीने या घरात कधीच कोणी आजारी पडलं नाही नाना, आणि हे माझ्याआधी तुम्हाला माहीत होतं.

तुमची सून,
निर्मला