चुडामणची फौज

१ फेब्रुवारी २०२५
आले एकदाची लोणखेड्याला! कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून केळीची बाग. घरमालकीण रंजनाबाईंनी आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला. शहाद्यात दर रविवारी टेबलावर हाताने रंगवलेल्या चिमुकल्या सैनिकांची लढाई खेळणारी मंडळी आहेत म्हणे. माझी फौज नाशिकला भावाकडे राहिली, पण उद्या बघायला जाणारच.

२ फेब्रुवारी
मंडळींचे म्होरके धर्मेंद्र सर, आमच्याच कॉलेजातले. त्यांनी मला उसनी फौज दिली, हरवलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाले की बायकांनी आपली रांगोळीच काढावी. अंगाची लाही झाली. नवी फौज उभारून त्याच टेबलावर या माणसाला धूळ चारली नाही, तर नावाची रविना नाही.

५ फेब्रुवारी
म्हसावदला जुनी फौज मिळाली! चुडामण नावाचा खेळाडू गेल्या वर्षी तापाने गेला. त्याच्या आईने, अनुसयाबाईंनी, डबा मांडीवर घेऊन एकेक सैनिक दाखवला. हा त्याचा बाप, ही आत्या, हा गावचा न्हावी. नखाएवढ्या चेहऱ्यांवर पोराने गाव रंगवलं होतं. त्यांचं एकच मागणं होतं: "खेय बेटी, पन रंग नको काढजो. मन्हा पोऱ्याना हात शे त्यावर." मी त्यांच्या पायाला हात लावून हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

६ फेब्रुवारी
जुनी फौज घेतली की तिचा रंग उतरवायचा आणि आपला चढवायचा, हा आम्हा खेळणाऱ्यांचा रिवाज. तशीच नेली तर धर्मेंद्र सर 'उष्टी फौज' म्हणून हसतील. सगळे सैनिक रंग काढायच्या औषधात बुडवले, दात घासायच्या जुन्या ब्रशने खसाखसा घासले. चेहरे गेले. तळाशी डोळ्यांचे बारीक काळे ठिपके तेवढे उरले, ते मोरीत ओतले.

९ फेब्रुवारी
सैनिकांवर रंगाआधीचं राखाडी अस्तर मारलं. माझी नखंही राखाडी झालीत, धुऊन निघत नाहीत. औषधाचंच असणार. सकाळी सैनिक भिंतीकडे तोंड करून वाळत ठेवले होते. दुपारी कॉलेजातून आले, तर सगळे माझ्या खुर्चीकडे वळलेले.

११ फेब्रुवारी
भुवया गेल्या. टॉवेलला चिकटून आल्या, रंगाच्या पापुद्र्यासारख्या. रंजनाबाई दवाखान्यात जा म्हणाल्या, पण माझ्याकडे बघेनात.

१३ फेब्रुवारी
डबा घेऊन म्हसावदला गेले. पाया पडले, रडले. अनुसयाबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, पोरगा फार मायाळू होता, पण दिलेला शब्द मोडलेला त्याला कधी खपला नाही. दार लावून घेतलं.
परतताना बसमध्ये गालावर कुणीतरी घासत होतं. खसाखसा. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

१५ फेब्रुवारी
ओठ गेले. तिथं नुसतं गुळगुळीत — फोन करून तरी कशाने बोलू —

१६ फेब्रुवारी, रविवार
खाली धर्मेंद्र सर. रंजनाबाईंना विचारताहेत, घाबरून पळाली का. हसताहेत. या माणसाने वर यावं म्हणून मी — दाराला आतून कडी. पाय फरशीला चिकटलेत.

थंड, ओला ब्रश. कपाळावर. भुवया येताहेत — नाक — किती सुबक हात आहे —

डोळे झाले. तोंड राहिलं. चुडामणदादा, चुकले. तोंड दे, एक हाक मारते, सर निघून चाल —

ब्रश धुतोय. तोंड न देताच ब्रश धु