आवरबेक, म्हणजे ओढ्यापलीकडचे

११ ऑक्टोबर १९८७, रविवार

शेजारचा टोनेस चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला— "बर्नहार्ड, तू गेलास की आवरबेक संपले! घरजावयाचं नाव पियोंटेक. फाटकावर काय लावणार, पोलंडचा झेंडा?" लोक हसले. मीही हसलो.

खोटं काय बोलला? मुलगा नाही. मेख्टहिल्ड एकुलती एक, ती तीन वर्षांपूर्वी गेली. तिला मूलबाळ नाही. उरलो मी आणि जावई नॉर्बर्ट— तिकडे रूरकडच्या खाणकामगाराचा मुलगा. गाई तोच बघतो, मलाही तोच बघतो. माणूस चांगला आहे. पण आवरबेक नव्हे.

कडी लागली का ते दोनदा पाहिलं. लागली होती.

१३ ऑक्टोबर

नीनहाउसबाईंकडे गेलो. शाळेत शिकवायच्या, आता चर्चच्या जुन्या नोंदी वाचत बसतात. ती अक्षरं आपल्याला लागत नाहीत, मुंग्या पळाल्यासारखी दिसतात. शाळा मी चौदाव्या वर्षीच सोडली. म्हटलं, आमचं नाव कुठून आलं शोधा. बापामागे बाप, सरळ वरपर्यंत. चौकट करून भिंतीवर लावीन. माणसं नाहीत तर नाहीत, भिंतीवर तरी राहील!

बाई म्हणाल्या, "शोधते. पण जे निघेल ते घ्यावं लागेल हं."

असं का म्हणाल्या? चोर निघेल की काय कुणी?

२० ऑक्टोबर

अर्थ कळला. आवरबेक म्हणजे ओढ्याच्या पलीकडे राहणारा. बस्स, एवढंच! मला वाटलं होतं एखादा सरदार, निदान लोहार.

मी म्हटलं, "पण आम्ही तर ओढ्याच्या अलीकडे आहोत."

"चर्चकडून बघा," बाई म्हणाल्या. "नाव गावानं ठेवलं, तुम्ही नाही."

अठ्ठ्याहत्तर वर्षं मी पलीकडचा होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

२४ ऑक्टोबर

नॉर्बर्टला काहीतरी बोलायचं आहे. जेवताना "बाबा, एक सांगायचं होतं—" एवढं म्हणाला. मी लगेच गुडघेदुखी काढली. मग पावसाचं. मग बटाटे कच्चे राहिलेत म्हटलं. नव्हते राहिले. तो खात राहिला.

जाणार आहे तो. मला कळतं.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

स्मशानात सगळं गाव. कबरींवर लाल काचेचे दिवे. नॉर्बर्टनं मेख्टहिल्डच्या दगडावरची पानं हातानं वेचली, झाडूनं नाही. दिवा लावला. वाऱ्यानं विझला, पुन्हा लावला. मग माझी कॉलर वर करून दिली.

परतताना पाहिलं— फाटकाबाहेर छत्री घेऊन एक बाई उभी. डुल्मेनच्या बेकरीतली सिग्रिड. आत आली नाही. आमच्याकडे बघितलंही नाही. नॉर्बर्टनं मान खाली घातली, तिनंही घातली.

म्हणजे हे सांगायचं होतं.

मला राग यायला हवा होता. ती पावसात किती वेळ उभी असेल, हेच डोक्यात येत राहिलं.

५ नोव्हेंबर

बाईंनी बोलावलं. कॉफी दिली, त्यावरूनच ओळखलं की बातमी वाईट आहे.

म्हणाल्या, आमच्या भागात जुन्या काळी नाव रक्ताचं नव्हतं, शेताचं होतं. जो त्या शेतावर राहील, तो आवरबेक. मुलगी वारस असली तर नवरा आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून यायचा.

"तुमच्या घरात असे तीन आले. लोमान, मग हुल्स्कॅम्प, मग पुन्हा एक लोमान."

"म्हणजे आम्ही सगळे घरजावयांचेच?"

"अस्सल!" बाई म्हणाल्या आणि हसल्या. मला नाही हसू आलं.

६ नोव्हेंबर

जेवलो नाही. नॉर्बर्टला वाटलं पोट बिघडलं. पेज करून दिली.

८ नोव्हेंबर, रविवार

बाई चर्चनंतर थांबल्या. अजून एक निघालंय म्हणाल्या, बसून ऐका.

तो पहिला लोमान, योस्ट. आवरबेकांची काटरीना त्याची बायको. पहिल्याच हिवाळ्यात बाळंतपणात गेली, बाळही गेलं. घरात उरले दोघे, योस्ट आणि म्हातारा सासरा. वर्षानं योस्टनं दुसरं लग्न केलं, गिरणीवरच्या मोलकरणीशी. दोघंही शेतावरच राहिली. नाव आवरबेकच लागलं. त्यांच्या मुलापासून पुढे मी.

त्या म्हाताऱ्याचं रक्त माझ्यात थेंबभरही नाही!

मी विचारलं, "म्हातारा काय म्हणाला असेल?"

"ते कुणी लिहीत नाही, बर्नहार्ड. एवढंच दिसतं की त्या दुसऱ्या लग्नाच्या पहिल्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरून उभा होता तो म्हातारा. मुलाला नावही त्याचंच ठेवलंय."

ओढ्यावरून चालत आलो. पुलावर थांबलो. थंडी होती, छाती भरेल म्हणून एरवी थांबत नाही. म्हाताऱ्यानं योस्टला हाकललं असतं तर? आपली पोर गेली, आता तुझं इथं काय, असं म्हणाला असता तर कुणी नावं ठेवली नसती. दुसऱ्यांचं पोर हातात घेतलं त्यानं.

१० नोव्हेंबर

गोठ्यात बोललो. तो धार काढत होता, तोंड दिसत नव्हतं, म्हणून जमलं.

"ती बेकरीतली," मी म्हटलं, "तिला आपली चूल पेटवता येईल का? फार धूर करते ती चूल."

धारेचं यंत्र बंद झालं. मग— "बाबा, आम्ही डुल्मेनला घर बघितलंय. गाईंसाठी मी सकाळ-संध्याकाळ येईन."

"बर्फातून? त्या मोटरसायकलवर? मरशील!"

"इथं यायला ती घाबरते."

"कशाला?"

"तुम्हाला."

"मला? अरे, मी स्वतःच घाबरलेलो आहे!"

तो गाईच्या आडून उठला. डोळे पुसले. शेणाचा हात होता, कपाळाला लागलं. मी रुमाल दिला. गाय ओरडायला लागली.

१५ नोव्हेंबर, रविवार

सिग्रिड आली. सफरचंदाचा केक आणला होता. बसेचना. कुठली खुर्ची मेख्टहिल्डची, तिला कसं कळलं कोण जाणे. मीच ओढून दिली. म्हटलं, बस गं, पाय दुखतील.

चूल पेटली. धूर झाला. तिघंही खोकलो.

२४ नोव्हेंबर

चाऱ्याचा ट्रक आला. ड्रायव्हर नवा होता, अंगणातून ओरडला— "आवरबेक कोण?" मी उठून खडावा शोधत होतो. फाटकापाशी नॉर्बर्ट होता. म्हणाला, "मी." 

मी पुन्हा खाली बसलो.