बेडकीची थंडीची तयारी

२ नोव्हेंबर

नाही. विकायची नाही. काल सांगितलं, परवा सांगितलं, आज फोनवर परत तेच – नाही! ओमकारला वाटतं रोज विचारलं की एक दिवस आई चुकून हो म्हणेल. लहानपणी जत्रेत खाजं मागताना पण असाच. माझंच पोर, दुसऱ्या कोणाला नावं ठेवू?

फोन ठेवला आणि गॅरेजात गेले. गॅरेज कसलं, पूर्वीचा गोठा. ताडपत्री उचलून बघितली. दोन दरवाजे, दोन सीट, रंग लाल, वय तीस. बत्ती लावली की पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर येतात, म्हणून अख्ख्या वाडीत तिला बेडकी म्हणतात. ह्यांनी एसटीतून रिटायर झाल्यावर म्हापशाच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. लोक रिटायर होऊन तीर्थाला जातात. आमच्याकडे बेडकी आली.

बेत लिहून ठेवते. ह्या थंडीत एकदा पहाटे बेडकी आंबोलीचा घाट चढवायची. मी, एकटीने. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत जिथे घसरली त्याच वळणावरून सरळ वर न्यायची, वर जाऊन चहा प्यायचा. एवढंच. त्या वळणावर ह्यांचा पाय मोडला. खाटेवर पडले ते चार महिन्यांत गेलेच. रक्ताची गाठ, डॉक्टर म्हणाले. ओमकार म्हणतो, गाडीने खाल्लं.

लायसन गेल्या वर्षी काढलं, ओरोसला जाऊन. तिथला साहेब विचारतो, काकी, ह्या वयात गाडी घेऊन कुठे जायचंय? म्हटलं, तुमच्या वरातीत.

५ नोव्हेंबर

बाबली येऊन गेला. आमचा मेकॅनिक, ह्यांचा जुना दोस्त, तिठ्यावर गॅरेज आहे. पोट एवढं की तो गाडीखाली सरकला की जॅक लागत नाही.

त्याला म्हटलं, आंबोलीचा घाट चढवायचाय, पैसे काजूचे आले तेवढेच. कमी पैशात थंडीत गाडी रस्ता धरून राहील असं काय करता येईल ते सांग. तर म्हणे मोठी चाकं घालू, मागे पंख लावू. पंख! म्हटलं, अंडी पण घालेल का?

मग माझ्या डोक्यातलं मी सांगितलं. हे म्हणायचे, गाडी रस्त्याला शिवते ती चार तळहातांएवढी. म्हणजे आधी टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात – कितवा आठवडा, कुठलं साल. बाबलीने चष्मा पुसून वाचले. अकरा वर्षांचे निघाले! नक्षी अजून शाबूत, पण नख दाबलं तर रुततच नाही. थंडीत असा टायर म्हणजे दगड. त्यात घाटात पहाटेचं दंव, दंवात लाल माती, वर पडलेली पानं. घसरेल नाही तर काय करेल बिचारी.

ठरलं ते असं. आधी टायर. मग खड्ड्यांचे धक्के झेलणारे मागचे शॉकअप, ते पार बसलेत. मग झिजलेले रबरी बुश, आणि शेवटी चाकं सरळ रेषेत लावायची, म्हणजे अलायमेंट. ब्रेकचं तेल जाता जाता बदलायचं. पंख नाही.

१२ नोव्हेंबर

टायर आले! शेजारची मथुरा मला टायर हुंगताना बघून म्हणाली, नव्या साडयेचो पण असो वास घेवक नाय तू कधी. म्हटलं, साडी वळणात धरून ठेवत नाही गो.

२० नोव्हेंबर

आचऱ्यापर्यंत जाऊन आले. काय फरक! पूर्वी वळणात मागून कोणीतरी पदर ओढतंय असं वाटायचं. आता तसं नाही. पण खड्डा आला की मागची बाजू अजून होडीसारखी हलते, म्हणजे शॉकअप हवेतच. बाबली म्हणाला, कोल्हापुरात एकजण जुने शॉकअप उघडून नवे करून देतो, नव्याच्या निम्म्या पैशात. पैसे दिले. गाडी बाबलीकडे सोडली आणि चालत घरी आले.

३ डिसेंबर

शॉकअप घातले म्हणून निरोप आला. धावत गेले.

मागच्या बाजूला दोन्ही हातांनी दाबलं आणि सोडलं. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि थांबते. बेडकी वर आली, खाली गेली, परत वर, परत खाली. नाव सार्थक केलं.

बाबली म्हणतो, नवीन आसत वैनी, बसाक वेळ लागतलो. म्हटलं, शॉकअप आहेत की नवी सून? तो हसला नाही. बाबली माझ्या विनोदाला हसला नाही असं वीस वर्षांत झालेलं नाही.

खाली वाकून चाकामागे हात घातला. बोट काळं झालं. ग्रीस नव्हे, रंग. ओला रंग.

बोट पदराला पुसलं. गाडी मात्र त्याच्याकडेच ठेवायला सांगतो, अलायमेंट राहिलंय म्हणे. ठेवली. का ठेवली?

९ डिसेंबर



आज देवळात जत्रा. मी सकाळीच ओटी भरून येणार होते, बाबलीला तसंच बोलले होते. पण अबोलीची वेणी मिळता मिळता उशीर झाला. पोचले तर गाऱ्हाणी चालू झालेली. बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी राहिले. गावकर एकेकाचा नारळ घेऊन देवाला सांगतोय, कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन. त्याने आवाज चढवून थांबायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं – व्हय महाराजा. जन्मापासून म्हणतेय. तोंड आपोआप म्हणतं, डोकं वेणीत होतं, मोगऱ्याची का नाही मिळाली म्हणून.

"बा देवा महाराजा, ह्यो बाबली तुझ्या पायाकडे नारळ घेवन उभो आसा!"

व्हय महाराजा.

"गुरुदासाच्या झिलान, ओमकारान, ती लाल गाडी पणजेच्या गिरायकाक विकूची ठरवल्यान आसा!"

व्हय महाराजा.

"तेच्यात घरातल्या बायलमाणसाची काय आडकाठी येत असात तर ती दूर कर, तेका सुबुद्धी दी, आणि वेव्हार पुरो कर!"

व्हय महाराजा – मीच! सगळ्यांत मोठ्याने! आणि मग कळलं, आडकाठी म्हणजे मी.

बायका मागे वळून बघायला लागल्या. बाबलीने पण बघितलं. नारळ हातातच. वेणी न वाहता घरी आले.

१० डिसेंबर

मथुरा सकाळीच हजर. म्हणते, देवासमोर तीन वेळा व्हय म्हटलंस मां? मगे आता कसा ना म्हणतलंस?

अख्ख्या गावाचं हेच. मी हो म्हटलं म्हणे.

११ डिसेंबर

बाबलीकडे गेले. स्टुलावर बसला होता. उठला नाही, बस पण म्हणाला नाही.

"बाबली, माज्यापासून लपवलंस आणि देवाक सांगलंस?"

"देवापासना कसा लपवू, वैनी?"

गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो साधा टेम्पो विकत नाही, हे मलाच ठाऊक असायला हवं होतं.

मग सगळं ओकला. ओमकारने ऑगस्टातच गिऱ्हाईक बघितलं होतं. आईला सांगू नको म्हणून शपथ घातली. माझ्या पैशांनी टायर घातले ते गिऱ्हाइकाच्या कामाला आले, भाव वाढला. शॉकअपचे पैसे ड्रॉवरमध्ये तसेच पडलेत, त्याने काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, शॉकअप बदलले असते तर तुमी दुसऱ्या दिवशी घाटात. तुमचा काय झाला तर गुरुदासाक मी खंयचा तोंड दाखवू?

मी म्हटलं, "आणि तुज्या शब्दावर इश्वास ठेवन त्या रंगवलेल्या शॉकअपवर मी घाटात गेलंय असतंय तर?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाचवायला निघाले होते दोघे! पैसे तिथेच टाकून आले. वीस वर्षं ह्या माणसाला भाऊबीजेला ओवाळलंय.

१४ डिसेंबर

आरटीओच्या कागदांत बघितलं. गाडी ओमकारच्या नावावर. हे गेल्यावर वारसाचे कागद आले होते, ओमकार सही कर म्हणाला तिथे मी केली. चौथीपर्यंत शाळा झाली ती सही करण्यापुरती उपयोगी पडली.

२० डिसेंबर

ओमकार आला. बांगड्याचं तिखलं केलं, त्याच्या आवडीचं. मीठ मुद्दाम दुप्पट घातलं. गपचूप जेवला, पाणी चार तांबे प्याला. म्हणजे अपराध कळतोय त्याला.

रात्री मीच विचारलं, ऑगस्टपासून रोज फोनवर विकू का विचारत होतास ते कशाला, जर विकायची ठरवलीच होतीस? म्हणाला, तुजा हो ऐकूचा होता, आये. बस. मग म्हणाला, बाबांका त्या गाडयेन नेल्यान, आता तुका नेलेली बघूची नाय माका.

ह्याला उत्तर होतं माझ्याकडे. दिलं नाही.

२१ डिसेंबर

गिऱ्हाईक आलं. तरुण नवराबायको, चांगली वाटली. बाबलीने बेडकी अंगणात आणून लावली. शॉकअप आता खरेच नवे घातलेत. स्वतःच्या खर्चाने, म्हणाला. मी बघितलं पण नाही. खोटं कशाला लिहू – तो चहाला आत गेला तेव्हा दाबून बघितलं. एकदा वर आली आणि थांबली.

त्या माणसाने विचारलं, पुढे डावीकडे पत्रा बदललाय का? ओमकार ऑफिसातल्यासारखा शुद्ध बोलायला लागला. म्हणाला, हो, एकदा घाटात ठोकली होती, माझ्या वडिलांनी. गाडीचा दोष नाही. बाबा बेफिकीर चालवायचे, वय झालं होतं, कोणाचं ऐकायचे नाहीत.

बाबलीला राहवलं नाही. म्हणाला, "तीस वर्सां एसटी चालवल्यान ओमकार, एक आरसो फोडूक नाय."

"शेवटी फोडलाच ना," ओमकार म्हणाला.

ती दोघं हसली. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, ती मुलगी म्हणाली, आमचे पप्पा पण तसेच. बाबली माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले. आतून गाडी चालू झाल्याचा आवाज ऐकला.

सगळ्यांनी फसवलं मला – मुलाने, बाबलीने, देवळात माझ्याच तोंडाने. पंधरा दिवस तेच लिहितेय.

२२ डिसेंबर

घाटात त्या दिवशी हे चालवत नव्हते. माझं लायसन नव्हतं. गाडी कठड्याला लागल्यावर ह्यांनी मोडलेला पाय ओढत मला बाजूच्या सीटवर ढकललं आणि स्वतः माझ्या जागी बसले. पोलिसांना आपलं नाव सांगितलं, ओमकारला पण तेच. खाटेवर पडून चार महिने त्याची बोलणी खाल्ली, मी शेजारी पेज भरवत बसलेले.

गाडी मी चालवत होते.