सप्ताहाच्या पाळ्या आणि नवा एडिटर

श्रावण, रविवार, तिन्हीसांजा

आज ह्यांनी कॉम्प्युटरवरचा एडिटर, म्हणजे मी याद्या लिहिते तो प्रोग्रॅम, अपडेट केला आणि देवळातल्या भजनी सप्ताहाची यादी विस्कटली. भजनाच्या पाळ्या घरांच्या मानाप्रमाणे लावणारं एक्स्टेन्शन, एडिटरला जोडायचं, आमच्या लेकीने, सुजाताने केलेलं. नवा एडिटर ते घेतच नाही. पहिल्या मानाचं घर शेवटी! आणि यादी उद्या देवळात लावायची.

फोंड्याला तिला फोन केला. "गो आई, एडिटर बदलला की दर वेळी मी ते परत लिहिते. चार वर्षं माझे रविवार त्यातच जातात."

"बाकीचे लोक काय करतात मग?"

"बाकीचे कोण? वापरणारी तू एकटीच."

मी एकटीच? मला वाटलेलं, एकदा केलं की जन्माचं झालं, पितळेच्या समईसारखं. तिचे रविवार मीच अडवले तर. म्हटलं, "राहू दे बाय, हाताने लिहिते."

देवाला नमस्कार करून वही घेतली. चार घरं सरसर आली. पाचवं कुणाचं? पूर्वी सगळी तोंडपाठ होती. ह्यांनाही आठवेना. भटजींना विचारावं, तर ते माझीच यादी बघून सांगतात.

पाचवं घर काही येईना. शेवटी परत तिलाच फोन लावला. मी बोलायच्या आधीच म्हणाली, "करतेय, आई."