उशिरा येणारी ग्रहणं

३ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, हे शेजारच्या काकूंनी कळवलंय.

बाबांची वही अखेर कामी आली. त्यांच्या जोडताऱ्यावरचा माझा शोधनिबंध छापण्याआधीच्या तपासणीला गेलाय आणि त्यावर पहिलं नाव बाबांचं आहे. दोन तारे अगदी खेटून आहेत. हलका तारा फुगलाय, त्याचा वायू शेजाऱ्याकडे वाहतोय. तो थेट पडत नाही. मोरीच्या तोंडाशी पाणी फिरतं तसा गरगरतो, त्याची तबकडी होते आणि ती तापून झळकते. वजन असं इकडून तिकडे गेलं की दोघं लांब सरकतात आणि एकमेकांना झाकायला उशीर करतात. बाबा गच्चीवरून तीच ग्रहणं टिपायचे. मी बालवाडीत गेले त्या वर्षापासून ती दहा मिनिटं उशिराची आहेत!

एक परीक्षक मात्र हटून बसलेत. उशीर वाढत जायला हवा, दहावरच थांबला कसा, असं त्यांचं म्हणणं. घड्याळ कोणतं होतं तेवढं कळव, म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल.

तुझी,
ठकी

११ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

गुडघ्याचं सोड. तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही.

घड्याळ भिंतीवरचंच. मनगटावरचंही ते रोज त्याच्याशी लावून घ्यायचे. त्या वर्षी प्रेसमधून उशिराबद्दल तिसरी ताकीद आली होती, नोकरी जायची वेळ आलेली. मी गुपचूप काटा दहा मिनिटं पुढे केला. ते वेळेवर पोचू लागले आणि स्वतःवरच खूश झाले. प्रेसचं घड्याळ मागे पडतं, असं तिथे सगळ्यांना ऐकवायचे. ताऱ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं.

तुझी,
आई

१९ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

दहा मिनिटं वजा केली. सगळ्या नोंदी रेषेवर बसल्या, अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. बाबांची नजर इतकी पक्की होती. पण मग सांगण्यासारखं काही उरत नाही. वायू वाहतोय, पण त्याने पडणारा फरक इतक्या थोड्या वर्षांत कुणाला दिसणार नाही. निबंध मागे घ्यावा लागेल, आणि त्यासोबत बाबांचं नावही.

खोटं कशाला बोलू, तुझा राग आलाय. बाबांना कधीच शंका आली नाही का?

ठकी

२७ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

नाही आली. शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "माझा तारा उशिरा येतो, हे एक दिवस कुणीतरी मान्य करील." तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि पाणी हवंय का म्हणून विचारलं.

निबंध मागे घेताना कारण लिहावं लागेल ना? बघणाऱ्याची चूक झाली असं लिहू नकोस. घड्याळ बिघडलं होतं असंही नको, ते उत्तम चालत होतं. बायकोने पुढे केलं आणि सांगितलं नाही, असं लिही.

राग ओसरला की दोन ओळी टाक. नाही ओसरला तरी टाक.

तुझी,
आई