दिवस मावळायच्या आत

९ नोव्हेंबर, शनिवार. डिग्रज

पुन्हा उशीर! उंब्रजच्या पुढे गाठलंच मेल्याने. नव्या गाड्या वाहून नेणारा तो लांबलचक ट्रक — दोन मजली, बाजूच्या जाळीतून आतली चाकं दिसतात. त्याच्या पुढे जायची हिंमत नाही आणि मागे राहायचीही नाही. मग नेहमीचंच. इंडिकेटर देऊन सर्व्हिस रोडला उतरले, एका हॉटेलासमोर गाडी लावली, नको असलेला चहा घेतला. तो दिसेनासा झाल्यावर निघाले, तर कराडच्या अलीकडे रस्त्याचं काम, आणि त्या गर्दीत तोच उभा!

उसाच्या ट्रॉल्यांना मी भीत नाही. झोकांड्या खाणारे ट्रॅक्टर, टँकर, एसट्या — सगळ्यांना मागे टाकते. भीती काय ती ह्याचीच.

माहेरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. अण्णा फाटकाशीच उभे. "आलीस व्हय गं? भरतेश गाडी लावतोय न्हवं?"

म्हटलं, अण्णा, मी एकटीच आलेय. "व्हय की," म्हणाले आणि आत गेले. म्हातारपण, दुसरं काय! नवऱ्याला, भरतेशला, जाऊन तीन वर्षं झाली, तरी माझ्याही तोंडात अजून 'आम्ही' येतंच.

"माझं जेवान झालंय. तू बस." त्यांचं बरोबरच आहे. आमच्या जैन घरात संध्याकाळचं जेवण, अंथऊ, दिवस मावळायच्या आत. एकदा दिवस बुडाला की अण्णा घोटभर पाणीही घेत नाहीत. मीच साताऱ्यात राहून बाटले. गरम पिठलं पोटभर खाल्लं.

१२ नोव्हेंबर

लॅबमधली अंकिता म्हणते, "ताई, इंडिकेटर द्यायचा, हॉर्न मारायचा, निघायचं. त्यात काय?" सांगणाऱ्याचं काय जातंय!

१६ नोव्हेंबर, शनिवार. डिग्रज

आजही अंधारातच पोचले. जेवून म्हशीला बघायला गोठ्यात गेले, तर धोंडुबाईने गाठलं. शेजारचीच ती, धारा काढते, अण्णांच्या भाकरी करते. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, सांगू नगं म्हणत्यात, पर सांगते. शनिवारी आन्ना जेवतच न्हाईत. गुणी आली की संगं बसू, म्हणत्यात. आन् तुमी येता दिवस बुडाल्यावर."

म्हणजे आई गेल्यापासून दर शनिवारी असंच? ते उपाशी, आणि मी त्यांच्यासमोर बसून जेवते! "आजून घे गं वाईच," असं तेच म्हणायचे. शरमेने मेल्यासारखं झालं. गोठ्यातच रडून घेतलं, म्हैस बघत होती.

१७ नोव्हेंबर

सकाळी भांडले. अण्णा, माझ्यासाठी थांबू नका. "न्हाई थांबत." मग काल का थांबलात? "काल कुटं थांबलो?" एसटीने येऊ? त्यात तर आणखी उशीर. साताऱ्याला चला म्हटलं, तर रोज सकाळी बस्तीत, जैन मंदिरात, जाणं चुकतं, देवदर्शन चुकतं. शेवटी म्हणाले, "तू सावकास ये म्हंजे झालं. जेवान काय पळून जातंय?"

जेवण नाही हो अण्णा, दिवस जातो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

जमलं नाही. कासेगावजवळ पुढे तो दिसला आणि पुन्हा सर्व्हिस रोडला उतरले.

तिथेच झालं होतं. भरतेश चालवत होता, मी शेजारी. पुढच्या तसल्याच ट्रकने एकदम ब्रेक लावला. आमची गाडी निम्मी त्याच्याखाली. मला खरचटलं तेवढंच. काच फुटलेली, भरतेशचा हात माझ्या हातात, आणि वर बघते तर नव्या कोऱ्या गाड्या जशाच्या तशा. एकीवरही ओरखडा नव्हता. सीटवरची प्लॅस्टिकंसुद्धा ताणलेली. कुणाच्या तरी दारात जाऊन त्या हार घालून घेणार होत्या. आमच्या वाट्यालाच काय ते आलं.

कुणालाच सांगितलं नाही हे कधी. इथे लिहिलं. बरं वाटलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार. डिग्रज

अण्णा पडले. मी फाटकात गाडी वळवतेय आणि हे उंबऱ्यात बसकण मारून! घामाने भिजलेले. धोंडुबाईने तोंडात साखर कोंबली, तर दिवस बुडाला म्हणून थुंकून टाकायला बघत होते.

गावातल्या डॉक्टरांनी मलाच झापलं. "डायबेटिसच्या गोळ्या घेऊन उपाशी? आजोबांना असं उपाशी ठेवू नका. एखाद दिवशी उठायचे नाहीत."

ठेवू नका! जणू मीच ठेवते. मग आणखी कोण ठेवतं?

अण्णा मला "आक्का" म्हणाले. त्यांची थोरली बहीण. ग्लानीतच होते.

४ डिसेंबर

शनिवारी अर्धा तास लवकर सोडा म्हटलं. साहेबांनी शिस्तीवर उपदेश केला, वेळ नाही दिला.

धोंडुबाईला फोन केला. "आन्ना बरं हायती. पर सारकं इचारत्यात, आज कोन वार हाय?"

७ डिसेंबर, शनिवार. पेठ नाका

गाडीतच लिहितेय. अक्षर मलाच लागेना.

गेले! त्याच्या पुढे गेले! आणि तेही कासेगावजवळच. आधी सवयीने इंडिकेटर डावीकडचा दिला. हॉटेल दिसत होतं. मग डोळ्यांपुढे उंबऱ्यात बसलेले अण्णा आले, तोंडातली साखर थुंकणारे. उजवीकडचा दिला. हॉर्न दाबून धरला. शेजारून जाताना ती जाळी संपता संपेना. मी मोठमोठ्याने णमोकार मंत्र म्हणत होते की भरतेशला हाका मारत होते, आठवत नाही. केबिनपाशी आले तर ड्रायव्हरने हात बाहेर काढून 'जा, जा' केलं. पांढऱ्या मिशांचा, गळ्यात टॉवेल. माणूस होता आत! तीन वर्षं मला नुसता ट्रकच दिसत होता.

अजून ऊन आहे. अण्णा, ताटं करायला सांगा. आज मी तुमच्याबरोबर जेवणार!

७ डिसेंबर. डिग्रज

ऊन होतं. गोठ्याच्या पत्र्यावर चांगलं पिवळंधमक. धावतच आत गेले. धोंडुबाई दोन ताटं मांडत होती. म्हटलं, "अण्णा, आले बघा! दिवस आहे अजून. चला, बसा जेवायला."

त्यांनी वर बघितलं. "या की, बसा. कुणाकडं आलाय?"

थट्टा वाटली. हसलेसुद्धा. धोंडुबाईने तोंडाला पदर लावला.

"अण्णा, मी गुणमाला. तुमची गुणी."

"गुणी यायची हाय आजून. साताऱ्यासनं येत्या. ती आली की जेवू समदी. तुमीबी थांबा." मग माझ्याकडे वाकले, गुपित सांगावं तसं. "तिला येळ हुतोच. त्या गाड्यांच्या ट्रकाला लय भित्या. भिऊ दे. भित्या म्हनून तर जित्ती हाय माझी."

मी त्यांच्या शेजारी बसले. दोघं मिळून फाटकाकडे बघत राहिलो. दिवस मावळला.